एक होणं आणि एकमेकांना ओळखणं : कैरोतला शिया-सुन्नी संवाद



इस्लाममधल्या ऐक्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, मुसलमान सगळे एकच असतात, त्यांच्यात भेद नसतो. दुसरं, शिया-सुन्नींचं भांडण चौदाशे वर्षांचं आहे, ते कधी मिटायचं नाही. गंमत अशी की पुष्कळदा एकच माणूस एकाच बैठकीत ही दोन्ही वाक्यं बोलून जातो. आज आपण अशी एक हकीकत पाहणार आहोत, की जी या दोन्ही वाक्यांत बसत नाही. ती घडली कैरो शहरात, विसाव्या शतकाच्या मध्याला. तिच्या केंद्रस्थानी एक फतवा आहे.

फतवा हा शब्द ऐकला की आपल्याला एकदम धमकी किंवा फर्मान आठवतं. पण फतवा म्हणजे हुकूम नव्हे. कुणीतरी प्रश्न विचारतो आणि धर्मशास्त्राचा जाणकार त्याचं उत्तर देतो, त्या उत्तराला फतवा म्हणतात. जुन्या काळी आपल्याकडे पैठणच्या किंवा काशीच्या पंडितांकडून 'व्यवस्था' मागवत, साधारण तशीच ही गोष्ट. उत्तर देणाऱ्याचा अधिकार जेवढा मोठा, तेवढं त्या उत्तराला वजन.

१९५९ साली असाच एक प्रश्न शेख महमूद शलतूत यांच्याकडे आला. शलतूत हे तेव्हा कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख होते. अल-अझहर म्हणजे हजार वर्षं जुनं विद्यापीठ, सुन्नी जगातलं सर्वांत मानाचं पीठ. प्रश्न असा होता : काही लोक म्हणतात की मुसलमानाची उपासना आणि व्यवहार शुद्ध ठरायचे तर त्यानं चार प्रसिद्ध मजहबांपैकी एक पाळलाच पाहिजे, आणि त्या चारांत शिया इमामी नाही, झैदीही नाही. तुम्हाला हे मान्य आहे का?

शलतूत यांच्या उत्तराचा सारांश दोन मुद्द्यांत सांगता येतो. पहिला मुद्दा, इस्लाम कुठल्याही एकाच मजहबाची सक्ती करत नाही. ज्या मजहबाचे नियम नीट परंपरेनं आलेले आहेत आणि ग्रंथांत नोंदलेले आहेत, तो कुणीही पाळावा. एकातून दुसऱ्यात जायलाही हरकत नाही. दुसरा मुद्दा, बारा इमामांना मानणाऱ्या शियांचा जाफरी मजहब हा सुन्नी मजहबांप्रमाणेच उपासनेसाठी ग्राह्य आहे, आणि मुसलमानांनी हे समजून घेऊन विनाकारण बाळगलेला दुराग्रह सोडून द्यावा.

एवढंच. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण या पाच मिनिटांच्या मागे दोनशे वर्षांचे फसलेले प्रयत्न आहेत. ते का फसले हे पाहिल्याशिवाय या फतव्याचं मोल कळत नाही, आणि त्याची मर्यादाही कळत नाही.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. हिंदी-उर्दूत 'मजहब' म्हणजे धर्म. अरबीत मजहब म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा, फिकहची शाळा म्हणा हवं तर. नमाज कसा पढायचा, वारसा कसा वाटायचा, तलाक कधी होतो, याचे नियम त्यात येतात. सुन्नींत हनफी, मालिकी, शाफिई आणि हनबली असे चार मजहब आहेत. आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफिई आहेत आणि देशावरचे बरेचसे हनफी. त्यावरून कुणी कुणाला धर्माबाहेर काढत नाही.

शिया-सुन्नी भेद मात्र मुळात फिकहचा नव्हता. इसवी सन ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि नेतृत्व कुणाकडे, हा प्रश्न उभा राहिला. सुन्नींनी अबू बक्र यांच्यापासूनची खलिफांची परंपरा मानली. शियांच्या मते तो अधिकार अलींचा आणि त्यांच्या वंशातल्या इमामांचा होता. ६८० मध्ये करबला इथं अलींचे पुत्र हुसैन मारले गेले आणि एका राजकीय वादाला कायमची जखम मिळाली. फिकहचे फरक नंतर साचत गेले, आणि ते आपल्याला वाटतात तेवढे मोठे नाहीत. नमाजात शिया हात खाली सोडून उभे राहतात, बहुतेक सुन्नी हात बांधतात, हा डोळ्यांना दिसणारा फरक. पण सुन्नींमधले पुष्कळ मालिकीही हात खाली सोडूनच उभे राहतात. म्हणजे ज्या खुणेवरून आपण माणूस ओळखतो, ती खूणसुद्धा पुरती पंथाची नाही.

मग वाद इतका तीव्र का झाला? मोठं कारण राजसत्ता. १५०१ मध्ये शाह इस्माईलनं इराणात सफवी राज्य स्थापलं आणि शिया पंथ राजधर्म केला. शेजारी ऑटोमन तुर्कांचं सुन्नी साम्राज्य. दोन सत्तांच्या सरहद्दीवर पंथाची रेघ ओढली गेली. तिची सावली आपल्या दख्खनपर्यंत पोचली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहानं शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला, तो याच शतकात.

आता ऐक्याचे प्रयत्न. पहिला मोठा प्रयत्न ज्यानं केला त्याचं नाव ऐकून आश्चर्य वाटेल : नादिरशाह. १७३९ मध्ये दिल्ली लुटणारा, मयूर सिंहासन घेऊन जाणारा तोच हा नादिरशाह. १७३६ मध्ये इराणचा बादशहा होताना त्यानं अट घातली की सफवी काळातली पहिल्या खलिफांना दूषणं देण्याची चाल बंद व्हावी, आणि जाफरी हा सुन्नींच्या चार मजहबांशेजारी पाचवा मजहब म्हणून ओळखला जावा. १७४३च्या डिसेंबरात त्यानं इराकातल्या नजफ इथं इराण, मध्य आशिया, अफगाण प्रदेश आणि ऑटोमन इराक इथल्या उलेमांची सभा भरवली. बगदादच्या सुभेदारातर्फे अब्दुल्ला अल-सुवैदी हे सुन्नी विद्वान तिथं होते. सभेत समेट झाला, कागदावर सह्याही झाल्या.

पण ती सभा फौजेच्या छायेत भरली होती. नादिरशाहाला शिया इराणवर राज्य करायचं होतं, सुन्नी अफगाण आणि उझबेक सैनिक सांभाळायचे होते, आणि ऑटोमन सुलतानाशी बरोबरीच्या नात्यानं बोलायचं होतं. ऑटोमनांनी पाचवा मजहब मान्य केला नाही. १७४६च्या तहात नादिरशाहानं ती मागणी सोडून दिली आणि १७४७ मध्ये त्याचा खून झाला. हुकमानं आणलेला समेट हुकूम देणाऱ्याबरोबर गेला. त्या प्रयत्नातली एक कल्पना मात्र उरली. दोन पंथांना एक न करता, एकाला दुसऱ्याशेजारी मजहब म्हणून बसवायचं, ही ती कल्पना. ती आपल्याला पुढे परत भेटणार आहे.

दुसरा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातला, सय्यद जमालुद्दीन अफगाणींचा. इथं ऐक्याचं कारण बदलतं. युरोपीय साम्राज्यं मुसलमानांचे एकेक देश गिळत होती आणि अफगाणींचं म्हणणं होतं की आपसांत भांडत बसलात तर सगळेच जाल. १८८४ मध्ये पॅरिसहून त्यांनी आपले शिष्य मुहम्मद अब्दुह यांच्याबरोबर 'अल-उर्वा अल-वुस्का' हे अरबी पत्र काढलं. जेमतेम अठरा अंक निघाले, पण त्यांची झळ कैरोपासून हिंदुस्थानापर्यंत लागली. त्याआधी काही काळ अफगाणी आपल्या हैदराबादेतही राहून गेले होते.

आता त्यांच्या नावाकडे बघा. ते स्वतःला 'अफगाणी' म्हणवत. अभ्यासकांना आज जवळजवळ खात्री आहे की ते इराणातल्या हमदानजवळच्या असदाबादचे, शिया घरातले होते. शिया इराणी म्हणून ओळख दिली असती तर सुन्नी जगात त्यांचं कुणी ऐकलं नसतं. म्हणजे आधुनिक काळातल्या इस्लामी ऐक्याच्या सर्वांत गाजलेल्या पुरस्कर्त्याला ऐक्याची हाक देण्यासाठी स्वतःचं मूळ झाकावं लागलं. ही त्यांच्यावर टीका नाही. त्या काळाचं ते मोजमाप आहे. शत्रूविरुद्धचं ऐक्य असंच असतं : शत्रू दिसतो तोवर बरोबरचा माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही, आणि नंतर सगळे तेच विचारतात.

याचा दाखला पुढच्या पिढीत मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात खिलाफत चळवळ झाली. तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती. तुर्की खलिफा हा सुन्नींचा खलिफा, तरी त्याच्या बाजूनं उभे राहणाऱ्यांत शियाही होते. १९२३च्या अखेरीस दोन प्रतिष्ठित हिंदी मुसलमानांनी तुर्कस्तानच्या इस्मत पाशांना पत्र लिहिलं की खलिफापद राखा, त्याचा मान कमी करू नका. त्यातले एक न्यायमूर्ती सय्यद अमीर अली, दुसरे तिसरे आगाखान. पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्याला माहीत आहे, ते त्यांच्याच घराण्याचे. अमीर अली शिया, आगाखान तर इस्माइली शियांचे इमाम. हे पत्र सरकारच्या हाती पडण्याआधी इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आलं आणि अंकारात खळबळ उडाली. सुन्नी खलिफाची काळजी या शियांना कशाला, असा टोमणा मारला गेला. ३ मार्च १९२४ रोजी खलिफापद रद्दच झालं. ज्यांनी पंथ ओलांडून हात पुढे केला, त्यांचा पंथच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

खलिफापद गेल्यावर एक मोठी पोकळी तयार झाली. मुसलमानांना बांधून ठेवणारं आता काय? त्यातून परिषदांचा काळ सुरू झाला. १९३१च्या डिसेंबरात जेरुसलेममध्ये एक मोठी इस्लामी परिषद भरली. आपल्याकडचे शौकत अली तिच्या संयोजनात होते, कवी इक्बालही गेले होते. त्या वेळी अल-अक्सा मशिदीत नजफचे शिया मुज्तहिद मुहम्मद हुसैन काशिफ अल-गिता यांनी नमाजाचं नेतृत्व केलं आणि सुन्नी प्रतिनिधी त्यांच्या मागे उभे राहिले. पुष्कळांना हे दृश्य आयुष्यभर आठवत राहिलं.

याच काशिफ अल-गितांनी सांगितलेली दुसरी हकीकत आम्हाला त्या दृश्याहून महत्त्वाची वाटते. इजिप्तचे नामवंत लेखक अहमद अमीन यांनी 'फज्र अल-इस्लाम' या ग्रंथात शिया पंथाबद्दल फार कठोर लिहिलं होतं. ते नजफला आले तेव्हा काशिफ अल-गितांनी त्यांना याचा जाब विचारला. अहमद अमीन यांनी कारण दिलं ते साधं होतं : शियांची पुस्तकं त्यांना पुरेशी मिळालीच नव्हती. इतका मोठा विद्वान, इतका मोठा विषय, आणि समोरच्याचे ग्रंथ हाताशी नाहीत. मग काशिफ अल-गितांनी शियांची मूलतत्त्वं सांगणारं एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते पुष्कळ वाचलं गेलं.

संवादाच्या नावाखाली तेव्हा काय चालायचं, याचंही एक उदाहरण घेऊ. १९३६ मध्ये लेबनॉनमधले शिया विद्वान अब्दुल हुसैन शरफुद्दीन यांचा 'अल-मुराजआत' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते स्वतः आणि अल-अझहरचे प्रमुख सलीम अल-बिश्री यांच्यातली एकशे बारा पत्रं, असं त्याचं रूप. भाषा अत्यंत सभ्य. एकमेकांबद्दलचा आदर पानोपानी. पण पत्रागणिक सुन्नी शेखांना शिया बाजू पटत जाते आणि शेवटी ते पूर्णपणे मान्य करतात. ग्रंथ निघाला तेव्हा अल-बिश्रींना जाऊन दोन दशकं होत आली होती. शिया जगात या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि सुन्नींनी पत्रांच्या खरेपणावर शंका घेतली. त्या वादात आपण पडायला नको. आपला मुद्दा वेगळा आहे. ज्या संवादाचा शेवट एकानं दुसऱ्याचं सगळं कबूल करण्यात होतो, त्याला आपण वादविवाद म्हणू, धर्मप्रसार म्हणू. संवाद म्हणताना जरा थांबावं लागतं.

या पार्श्वभूमीवर मुहम्मद तकी कुम्मी नावाचा एक तरुण इराणी आलिम कैरोत येतो. पहिल्यांदा आला तो १९३०च्या दशकाच्या अखेरीस. १९३९ मध्ये इराणचा युवराज मुहम्मद रझा आणि इजिप्तची राजकन्या फौजिया यांचं लग्न झालं होतं. शिया राजघराणं आणि सुन्नी राजघराणं यांची सोयरीक, म्हणून वातावरण अनुकूल होतं. मध्ये महायुद्ध आलं. युद्धानंतर कुम्मी परत आले आणि १९४७ मध्ये कैरोत एक संस्था उभी राहिली. तिच्या नावात 'तकरीब' हा शब्द होता. लग्न पुढच्या वर्षी कायमचं मोडलं. संस्था मात्र टिकली.

तकरीब म्हणजे जवळ आणणं. 'तौहीद' म्हणजे एक करणं, हा शब्द त्यांनी घेतला नाही, आणि ही निवड जाणूनबुजून होती. सुन्नीनं शिया व्हावं किंवा शियानं सुन्नी व्हावं असा हेतू नाही, मजहब मोडून एक नवा सामायिक मजहब करायचा नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. सुन्नींचे चार आणि शियांचे इमामी व झैदी, अशा मजहबांचे लोक एकत्र बसले. अल-अझहरचे अब्दुल मजीद सलीम, महमूद शलतूत असे मोठे शेख त्यात होते. मुस्लिम ब्रदरहूडचे संस्थापक हसन अल-बन्ना सुरुवातीच्या काळात त्यांच्याबरोबर होते. १९४९ पासून 'रिसालत अल-इस्लाम' नावाचं नियतकालिक निघू लागलं. शलतूत यांचं कुराणावरचं भाष्य त्यात क्रमशः येई आणि शेजारच्या पानांवर नजफचे, लेबनॉनचे शिया विद्वान लिहीत.

इराणातल्या कुम शहरातून या प्रयत्नाला भक्कम पाठिंबा होता तो आयातुल्ला बोरुजेर्दी यांचा. ते त्या काळचे शियांचे सर्वोच्च धर्माधिकारी. त्यांची भूमिका त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ते म्हणत, पैगंबरांनंतर खलिफा कोण व्हायला हवा होता हा प्रश्न होऊन गेलेल्या काळाचा आहे, त्यावर आज भांडून काही हाती लागत नाही. आजच्या मुसलमानापुढचा प्रश्न हा आहे की धर्माचे नियम कुणाकडून शिकायचे. त्या प्रश्नावर पैगंबरांच्या घराण्यातून आलेली विद्या सुन्नींपुढे ठेवता येते आणि सुन्नींची विद्या आपल्यालाही वाचता येते. बोरुजेर्दींनी आपली श्रद्धा कणभर सोडली नव्हती. चर्चा कुठल्या प्रश्नावर करायची, तेवढं त्यांनी बदललं.

मग काम सुरू झालं ते पुस्तकांचं. अहमद अमीन यांची अडचण आठवा. मध्ययुगातले शिया पंडित मुहक्किक अल-हिल्ली यांचा फिकहवरचा संक्षिप्त ग्रंथ इजिप्तच्या वक्फ मंत्रालयानं छापला आणि त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द मंत्री अहमद हसन अल-बाकुरी यांनी. सुन्नी देशाचं सरकार शिया धर्मशास्त्राचं पुस्तक छापतंय, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तबर्सींचं 'मज्मअ अल-बयान' हे शिया कुराणभाष्य निघालं, त्याची प्रस्तावना शलतूत यांची. १९५८ मध्ये शलतूत अल-अझहरचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी तो फतवा आला. म्हणजे फतवा आकाशातून पडला नाही. आधी बारा वर्षं बैठका, पत्रं, छापखाना आणि वाचन, मग फतवा.

हा फतवा उपासनेपुरता होता का? शलतूत स्वतः सांगत की काही प्रश्नांत त्यांना शिया फिकहचं मत अधिक सबळ वाटलं, आणि एका बैठकीत तीनदा उच्चारलेला तलाक हा त्यांतला एक प्रश्न. जाफरी मजहबात असा तिहेरी तलाक होतच नाही, आणि तलाकाला दोन साक्षीदार लागतात. इजिप्तनं १९२९च्या कायद्यातच तीनदा उच्चारलेला तलाक एकदाच धरायचा असं ठरवलं होतं. आपल्याकडे हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेतात, आणि सर्वोच्च न्यायालय तो तलाक अवैध ठरवतं २०१७ मध्ये. मजहबांमधल्या भिंतीत दार असणं म्हणजे काय, हे इथं दिसतं. एका परंपरेत अडकलेल्या बाईला दुसऱ्या परंपरेतला न्याय मिळू शकतो. पंडितांच्या चर्चेचा हा घरापर्यंत पोचणारा परिणाम.

आता दुसरी बाजू. फतवा निघाल्याला एक वर्ष होतंय, तोच १९६०च्या जुलैमध्ये इराणच्या शाहानं इस्रायलला दिलेल्या मान्यतेचा जाहीर उल्लेख केला. नासरनं इराणशी राजनैतिक संबंध तोडले. अल-अझहर आता सरकारच्या मुठीत होतं, १९६१च्या कायद्यानं ती मूठ आणखी आवळली. शलतूत यांनाही शाहाचा निषेध करावा लागला. ज्या इराणशी जवळीक साधायची तो इराण एका रात्रीत शत्रू झाला. १९६१ मध्ये बोरुजेर्दी वारले, १९६३ मध्ये शलतूत गेले. नियतकालिक रडतखडत १९७२ पर्यंत चाललं आणि बंद पडलं.

विरोध धार्मिक बाजूनंही होता. सीरियातून येऊन कैरोत स्थिरावलेले प्रकाशक मुहिब्बुद्दीन अल-खतीब यांनी 'अल-खुतूत अल-अरीदा' ही पुस्तिका लिहिली. त्यांचा युक्तिवाद असा, की शिया संकटात आपली श्रद्धा लपवणं धर्म्य मानतात, मग ते तुमच्याशी गोड बोलतात त्यावर विश्वास कसा ठेवायचा? या युक्तिवादाची रचना पाहा. समोरचा कठोर बोलला तर तो शत्रू, आणि प्रेमानं बोलला तर तो ढोंगी. यातून बाहेर पडायला त्या माणसाला वाटच नाही. ही पुस्तिका पुढे अनेक भाषांत पसरली आणि आजही ती फिरते. शलतूत यांच्या फतव्यापेक्षा तिचे वाचक जास्त असावेत, अशी आम्हाला भीती वाटते.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली. खोमेनींनी इस्लामी ऐक्याची हाक दिली. पैगंबरांचा जन्मदिवस सुन्नी रबीउल अव्वलच्या १२ तारखेला मानतात, शिया १७ तारखेला. इराणनं मधला सगळा आठवडाच 'ऐक्य सप्ताह' म्हणून जाहीर केला. कल्पना सुंदर आहे, दोन्ही तारखा राहतात आणि उत्सव एक होतो. पण त्याच इराणच्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमात जाफरी मजहब हा राज्याचा अधिकृत मजहब आणि हे कधीही बदलणार नाही, असं लिहिलं गेलं. इतर मजहबांना त्यात आदर आहे, बरोबरी नाही.

उलट बाजूनं पाकिस्तानात तेच घडलं. १९८० मध्ये जनरल झियांनी सरकारनंच जकात कापून घ्यायचा कायदा केला. लगेच प्रश्न आला : कुणाच्या फिकहप्रमाणे? शियांनी इस्लामाबादेत प्रचंड निदर्शनं केली आणि सूट मिळवली. तोवर शेजाऱ्याचा पंथ कोणता हे विचारायची फारशी गरज पडत नव्हती. आता बँकेच्या कागदावर ते लिहून द्यावं लागू लागलं. १९८५ मध्ये झंग गावात शियाविरोधी सिपाह-ए-सहाबा स्थापन झाली. याचं कारण एकटा जकातीचा कायदा नव्हे, सौदी-इराण चुरस होती, अफगाण युद्ध होतं. पण सरकार 'एकच इस्लाम' राबवायला निघालं की प्रत्येकाला आपला वेगळा इस्लाम सिद्ध करावा लागतो, हे मात्र तिथं दिसलं.

आपल्याकडचं चित्र सौम्य आहे, पण चाल तीच. १९७२च्या डिसेंबरात मुंबईत मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या रक्षणासाठी मोठं अधिवेशन भरलं, त्यातून ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड निर्माण झालं. सगळे मजहब, शियासुद्धा, एका व्यासपीठावर आले. कारण सरकार हस्तक्षेप करील ही भीती. २००५ मध्ये शियांनी स्वतःचं वेगळं पर्सनल लॉ बोर्ड काढलं. आमचा आवाज तिथं ऐकला जात नाही, ही त्यांची तक्रार. भीतीनं बांधलेली मोट पुढे सैल होते, ती अशी.

२००६च्या फेब्रुवारीत इराकात समारा इथल्या शिया इमामांच्या समाधीचा सोनेरी घुमट स्फोटानं उडवला गेला आणि बगदादच्या गल्ल्यांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. नावावरून माणसं ओळखून मारली गेली. त्याच्या थोडं आधी, २००४ मध्ये जॉर्डनच्या राजानं 'अम्मान संदेश' काढला होता आणि २००५ मध्ये अनेक देशांच्या उलेमांनी त्यावर ठराव केला : चार सुन्नी, दोन शिया, शिवाय इबादी आणि झाहिरी, असे आठ मजहब मानणारा कुणीही मुसलमानच आहे, त्याला काफर ठरवता येणार नाही. शलतूत यांचा फतवा इथं नव्यानं जिवंत झाला, असं म्हणता येईल. पण यादी केली की यादीबाहेर कोण, हा प्रश्न येतोच. आगाखानांना त्या वेळी पत्र पाठवून सांगावं लागलं की इस्माइलीही जाफरी परंपरेतच येतात. आणि अहमदियांना १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं घटनादुरुस्ती करून मुसलमान नाहीत असं ठरवलं, तेव्हा त्या ठरावामागे शिया आणि सुन्नी उलेमा एकत्र होते. ऐक्याची ही बाजूही आपण झाकून ठेवू नये.

मग कैरोच्या त्या प्रयत्नातून आपण काय घ्यायचं? आम्हाला दिसतं ते असं. हुकमानं ऐक्य झालं नाही, शत्रूच्या भीतीनं झालेलं टिकलं नाही, आणि वादात जिंकून तर कधीच झालं नाही. जे थोडंफार टिकलं ते ओळखीतून आलं : तू तुझ्या वाटेनं जातोस, ती वाट मला माझी करायची नाही, पण ती वाट आहे हे मी मान्य करतो. शलतूत यांनी शियांना सुन्नी व्हायला सांगितलं नाही, बोरुजेर्दींनी सुन्नींना इमाम मानायला सांगितलं नाही. म्हणूनच त्यांना एकमेकांना पत्र लिहिता आलं.

त्यांचं अपुरं राहिलं तेही सांगायला हवं. त्यांनी फिकहचा प्रश्न सोडवला, कारण तो सोडवता येण्यासारखा होता. करबलाचं दुःख, खलिफांबद्दलचा आदर, मिरवणुकीतल्या घोषणा, या गोष्टी त्यांनी बाजूला ठेवल्या. १९३९ मध्ये लखनौत हजारो माणसं तुरुंगात गेली ती नमाजात हात बांधायच्या प्रश्नावर नव्हे. सहाबांची स्तुती जाहीर करायची की नाही, यावर गेली. फतव्यानं उपासना शुद्ध ठरते, आठवणींचं काय करायचं ते फतवा सांगू शकत नाही. ते काम पंडितांच्या हातचं नाही, ते मोहल्ल्यातलं आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. इराकात रक्त वाहत होतं त्या वर्षांत नजफचे आयातुल्ला सिस्तानी यांनी भेटीला आलेल्या उलेमांना सांगितलं, अशी नोंद आहे : सुन्नींना 'आमचे भाऊ' म्हणत जाऊ नका, ते 'आम्हीच' आहोत असं म्हणा. ऐकायला सोपं वाक्य आहे. 'भाऊ' म्हटलं की दोन घरं होतात, 'आम्ही' म्हटलं की एकच. पण हे सांगणारा माणूस स्वतः शियांचा सर्वोच्च धर्माधिकारी होता, आणि तो शेवटपर्यंत शियाच राहणार होता. आपली ओळख न सोडता 'आम्ही' हा शब्द एवढा मोठा करता येतो का, हाच प्रश्न १९४७ मध्ये कैरोत बसलेल्या त्या मंडळींपुढे होता. तो फक्त मुसलमानांपुरता आहे असं आम्हाला वाटत नाही.